सोल्युबिलिटी ‘निगेटिव्ह’ आली, म्हणजे निश्चिंत व्हायचं का?

प्रश्न : माझी भाची ब्रह्मपुरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात आरोग्य विभागाचं शिबिर झालं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, नळीत टाकला आणि पाच-सात मिनिटांत ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ असं सांगितलं. नंतर जिल्हा रुग्णालयातून ‘एएस’ असा अहवाल आला. पोरगी धडधाकट आहे, एनसीसीत आहे, कधी आजारी पडत नाही. घरात मात्र रडारड चालू आहे. तिच्यासाठी एक स्थळ जवळजवळ पक्कं झालेलं होतं. मुलाकडच्यांनी मुलाचीही तीच नळीतली तपासणी करून घेतली, ती ‘निगेटिव्ह’ आली. आमचे प्रश्न तीन. एका थेंबावरून पाच मिनिटांत हे कळतं कसं? भाचीला पुढे हा आजार होणार का? आणि मुलगा निगेटिव्ह आहे, तर आता लग्नाला हरकत नाही ना?
– एक मामा, जि. चंद्रपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरातली रडारड आधी थांबायला हवी. तुमच्या भाचीला सिकलसेलचा आजार नाही आणि पुढेही होणार नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक. वय वाढलं, बाळंतपण झालं, टायफॉइड झाला, कशानेही एएसचं एसएस (म्हणजे रुग्ण) होत नाही. जन्माच्या आधी जे ठरलं तेच आयुष्यभर राहतं. वाहकाला औषध नाही, पथ्य नाही, कारण बरं करण्यासारखं काही नसतंच. तिला एनसीसी सोडायला लावू नका. उन्हातल्या कवायतीत वरचेवर पाणी प्यावं, फार दमछाक झाली तर थांबावं, एवढं पुरे. लडाखसारख्या खूप उंचावरच्या ठिकाणी जायचं ठरलं तर आधी डॉक्टरांना आपण वाहक असल्याचं सांगावं, आणि कधी लघवीतून रक्त गेलं तर ते अंगावर काढू नये. या दोन्ही बाबतींत वाहकांना क्वचित त्रास होतो. बाकी तिचं आयुष्य तिच्या मैत्रिणींसारखंच असणार आहे.

आजार होतो तो ‘एसएस’ असलेल्याला, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचं जनुक मिळालेल्याला. तिथे नेमकं काय बिघडतं हे समजलं की तुमच्या नळीचं कोडंही उलगडेल.

आपल्या एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा हे त्यांचं काम. या रेणूत बीटा नावाची साखळी असते, १४६ अमिनो आम्लांची. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १४६ पैकी एक, बस्स. ऑक्सिजन रेणूला धरून आहे तोवर या बदलाचा काही पत्ता लागत नाही. ऑक्सिजन सोडला की मात्र हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब, ताठ धागे होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. मऊ, गोल पेशी केसाहून बारीक वाहिनीतूनही वाकून पुढे सरकते. ही ताठ पेशी अडकते. मागचं रक्त तुंबतं, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. शिवाय साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे.

या विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी केली. त्यांचा रुग्ण कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत सिकलसेल आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातले वाहक ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आणले. म्हणजे विदर्भात हे माहीत होऊन साठहून जास्त वर्षं उलटली. इतक्या वर्षांनंतरही एका पदवीच्या विद्यार्थिनीच्या घरात ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक पोचलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तपासणीबरोबर समुपदेशन होणं हा सरकारच्या सिकलसेल कार्यक्रमाचाच भाग आहे. शिबिरात नुसतं ‘पॉझिटिव्ह’ म्हणून मुलीला घरी पाठवणं म्हणजे अर्धंच काम करणं.

आता नळी. शिबिरात जे पाहिलं ती सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे विद्राव्यता चाचणी. नळीत साधारण दोन मिलिलिटर द्रावण असतं. त्यात तीन गोष्टी असतात : पेशी फोडणारं सॅपोनिन, ऑक्सिजन ओढून घेणारं सोडियम डायथायोनाइट आणि भरपूर फॉस्फेट. त्यात २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे छोटासा थेंब, टाकतात आणि नळी हलवून पाच मिनिटं ठेवतात. पेशी फुटून हिमोग्लोबिन द्रावणात उतरतं, त्याचा ऑक्सिजन काढून घेतला जातो. नेहमीचं हिमोग्लोबिन अशा स्थितीतही विरघळलेलंच राहतं, त्यामुळे नळी कोकम सरबतासारखी लाल पण आरपार दिसते. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, गढूळपणा येतो. नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. रेघा स्पष्ट वाचता आल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. विजेची गरज नाही, यंत्र नाही. गडचिरोलीच्या एखाद्या उपकेंद्राच्या ओसरीवरही ती करता येते. ज्या भाचीच्या पेशी शरीरात सहसा वाकत नाहीत, तिची नळी गढूळ का होते, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तिच्या पेशींत चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त आहे आणि ते धागे तयार होऊ देत नाही. नळीत मात्र आपण ऑक्सिजन जवळजवळ संपवून टाकतो. तसं शरीरात सहसा होत नाही.

या साध्या चाचणीनेच लाखो लोकांपर्यंत पोचता आलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागातल्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं तिचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राचा नियंत्रण कार्यक्रम तर तिच्याही आधीपासून चालू आहे. पण ही चाचणी चाळणी आहे, निकाल नव्हे. एएस आणि एसएस दोघांचीही नळी गढूळच होते, म्हणून तुमच्या भाचीचं रक्त पुढे जिल्हा रुग्णालयात गेलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती चुकते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर खरा रुग्णही निगेटिव्ह दिसू शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती फक्त सिकल हिमोग्लोबिन शोधते. दुसरं काहीही तिला दिसत नाही.

इथे तुमचा तिसरा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला हवं होतं तसं नाही. मुलाची नळी निगेटिव्ह आली एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

बीटा साखळीचा आणखी एक आनुवंशिक दोष आपल्याकडे सर्रास आहे, थॅलेसीमिया. त्यात साखळीचा आकार बदलत नाही, ती कमी तयार होते किंवा होतच नाही. थॅलेसीमियाचा वाहकही भाचीसारखाच धडधाकट असतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी समाजांत त्याचं प्रमाण जास्त असलं तरी इतर समाजांत तो नाही असं नाही. विदर्भातही त्याचे वाहक आहेत. अशा वाहकाची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार, कारण त्याच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाहीच. पण आईकडून सिकलचं जनुक आणि वडिलांकडून थॅलेसीमियाचं जनुक आलं तर बाळाच्या अंगात चांगली बीटा साखळी जेमतेम तयार होते किंवा अजिबात होत नाही. याला सिकल-बीटा थॅलेसीमिया म्हणतात आणि त्यातले काही प्रकार एसएसइतकेच कठीण असतात. हिमोग्लोबिन डी-पंजाब नावाचा आणखी एक प्रकार आहे, सिकलबरोबर एकत्र आला तर तोही त्रास देतो आणि तोही या नळीत दिसत नाही.

एक प्रसंग विदर्भातल्या कित्येक घरांत घडतो. मूल सतत आजारी, तपासणीत ‘एसएस’ लिहून येतं. आईची नळी पॉझिटिव्ह, वडिलांची निगेटिव्ह. कुणीतरी शहाणपणाने सांगतं की दोघेही वाहक असल्याशिवाय मूल एसएस होत नाही. आणि मग संशय बाईवर जातो. वडील थॅलेसीमियाचे वाहक असतील तर हे कोडं एका तपासणीत सुटतं, पण ती तपासणी करायचं कुणाला सुचत नाही आणि एक निरपराध बाई आयुष्यभर बोलणी खाते. म्हणून जोडीदाराची नुसती नळी करून थांबणं मला अजिबात मान्य नाही.

मुलाची एचपीएलसी करून घ्या. रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं यंत्रातून वेगळी काढून प्रत्येकाचं प्रमाण सांगणारी ही तपासणी आहे. सोबत साधी सीबीसी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ती होते, खासगी प्रयोगशाळाही नमुना पुढे पाठवून करून देतात. मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था या विषयात अनेक दशकं काम करते आहे. अहवाल हातात आला की दोन जागा बघा. एचपीएलसीत ‘ए-टू’ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर तो थॅलेसीमियाचा वाहक असण्याची दाट शक्यता. सीबीसीत एमसीव्ही ८० पेक्षा आणि एमसीएच २७ पेक्षा कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र ५० लाखांच्या वर, हेही तिकडेच बोट दाखवतं. लोह कमी असलं की ए-टूचा आकडा थोडा खाली येऊ शकतो, त्यामुळे काठावरचा अहवाल रक्तविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका. भाचीच्या स्वतःच्या अहवालातही एकदा पाहा. वाहकात सिकल हिमोग्लोबिन साधारण ३०-४० टक्के असतं आणि चांगलं हिमोग्लोबिन त्याहून जास्त. उलटं असेल, म्हणजे सिकलचा आकडा मोठा असेल, तर ‘एएस’ हे लेबल पुन्हा तपासून घ्यायला हवं. शिबिरात रंगीत कार्ड मिळालं असेल तर त्याच्या रंगावरून अर्थ लावू नका, त्यावरची अक्षरं वाचा.

मुलाचा अहवाल स्वच्छ आला, म्हणजे तो ‘एए’ निघाला आणि ए-टूही ठीक असेल, तर खुशाल लग्न करा. त्यांच्या प्रत्येक मुलाला वाहक होण्याची शक्यता निम्मी, आजार होण्याची नाही. तो सिकलचा किंवा थॅलेसीमियाचा वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के राहते, वाहक होण्याची ५० आणि दोन्हींतून सुटण्याची २५. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द लक्षात ठेवा. पहिलं बाळ एसएस झालं म्हणून पुढची तीन निरोगी होणार, असा हिशेब बरीच घरं धरतात आणि दुसऱ्या वेळी तपासणीच करत नाहीत. निसर्ग मागचा हिशेब ठेवत नाही.

दोघेही वाहक असतील तर लग्न मोडावंच असं मी सांगणार नाही. तो निर्णय त्या दोघांचा आहे, आणि तो त्यांनी पूर्ण माहिती घेऊन करावा एवढीच माझी कळकळ आहे. लग्न झालं तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं. ११-१२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा अगदी छोटा तुकडा काढून बाळाला आजार आहे का हे तपासता येतं. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी करायला परवानगी दिली आहे. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि लिंग सांगितलं जात नाही. फक्त वेळ दवडू नये. पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला गेलं तर हातातले बरेच पर्याय गेलेले असतात.

आणखी एक बोलल्यावाचून राहवत नाही. तुमच्या पत्रात मुलीचा अहवाल घरादाराच्या तोंडी आहे. तिचा दोष काहीच नाही. आई किंवा बाबा यांपैकी एकाकडून तिला एक जनुक मिळालं, जसे डोळे मिळाले, जसा रंग मिळाला. किंबहुना त्या जनुकामुळेच तिच्या पूर्वजांपैकी काही लहानपणी वाचले असतील. सिकलचे वाहक असलेली मुलं फॅल्सिपॅरम मलेरियाने सहसा दगावत नाहीत, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार हा सगळा जंगलाचा पट्टा त्यातलाच. म्हणून गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात ते आहे, विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे, त्याच गावांत राहणाऱ्या इतर जातींतही कमी-अधिक आहे. कुठल्या एका समाजावर त्याचा शिक्का मारणं चुकीचं आहे. संरक्षण मात्र वाहकापुरतंच. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो अधिकच धोक्याचा.

असं एसएस मूल कसं ओळखायचं, हे तुमच्या मोठ्या गोतावळ्यात सगळ्यांना माहीत असलेलं बरं. जन्मताना ते छान असतं. पाच-सहा महिन्यांनी गर्भातलं हिमोग्लोबिन ओसरलं की पहिली खूण बहुधा हातापायांवर दिसते : दोन्ही हातांचे पंजे किंवा पावलं सुजतात, बोटं फुगतात आणि बाळ हात लावू देत नाही. ‘कुठे तरी आपटलं असेल’ म्हणून तेल चोळलं जातं. मूल फिकं दिसतं, डोळे पिवळे, पोटाच्या डाव्या बाजूला पानथरी हाताला लागते, वारंवार ताप. मोठ्या मुलांत थंडीत, पावसात भिजल्यावर, ताप आल्यावर किंवा पाणी कमी पडल्यावर हाडं-सांधे, पाठ, पोट दुखायला लागतं, आणि त्या दुखण्याला पोर शाळा बुडवायचं निमित्त करतंय असं म्हणतात. कधी संधिवात म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालतात. विदर्भातली हजारो कुटुंबं पुण्या-मुंबईला कामासाठी जातात; तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात सिकलसेल चटकन येत नाही, तेव्हा आई-बापांनीच आपलं मूळ गाव सांगून ‘सिकलसेल बघायचं का’ असं विचारावं. इंग्लंडमध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. आपल्या सिकलसेल पट्ट्यात तरी प्रत्येक बाळंतपणात ती व्हायला हवी.

लवकर कळण्याचा फायदा मोठा आहे. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, रोज फॉलिक ॲसिड आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया, एवढ्यावर बरीच मुलं शाळा पूर्ण करतात, नोकरी करतात, संसार करतात. रक्त कमी म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच जास्त असतं. जोराचा ताप, छातीत दुखून धाप लागणं, अचानक पोट फुगून मूल पांढरं पडणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा रुग्णाने प्रमाणपत्र काढून घ्यावं. परीक्षेत जादा वेळ मिळण्यासारख्या सवलतींसाठी ते लागतं.

शेवटी, भाचीचं जनुक घरातल्या कुणाकडून तरी आलेलं आहे. तिच्या आई-वडिलांची तपासणी करा, धाकटी भावंडं असतील तर त्यांचीही. ते आईकडून आलेलं निघालं तर तुम्हीही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, कारण ती तुमची बहीण आहे. तुमच्या घराण्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असेल, तर तोच दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. म्हणून पुढच्या आठवड्यात मुलाला एचपीएलसीला पाठवाल तेव्हा तुम्हीही आपलं आणि आपल्या मुलांचं रक्त तपासून घ्या.